थोरलीचा वाटा

वडगाव, बेळगाव
२ जून २०२३

सगुणा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. डाग दिसेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. मी प्रणिता. निळी पिशवी घेऊन तुमच्या वस्तीवर यायची, गरोदर बायकांच्या बोटाला सुई टोचायची, ती. परवा आले तेव्हा तू मला बघितलंस आणि सरळ म्हशींच्या गोठ्यात निघून गेलीस. मी तासभर ओट्यावर बसून राहिले. बायाक्कांनी ताक दिलं, ते प्याले. तुझ्या सासूला नको म्हणायची छाती अजून कुणाला झालेली नाही, मी कोण लागून गेले. तेवढ्यात तुझे मालक जांबोटीहून आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "आता कशाला आलाय? टोचायला तिच्या पोटात आता काय न्हाय." मी उठले आणि वाटेला लागले.

म्हणून पत्र. शामू बेळगावहून सडकेच्या तोंडाशी दूध घ्यायला येतो, त्याच्याकडं देते आहे. तू आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलीस. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, हे संमतीच्या कागदावर तू सही केलीस तेव्हाच मला कळलं होतं.

तुझी मुलगी गेली. फार वाईट झालं. सव्वाचार किलोचं बाळ, तुझ्यासारख्या काडी अंगाच्या बाईला. खांदा अडकला, सडकेपर्यंत झोळीतून न्यावं लागलं, आणि जीप खानापूरला पोचायच्या आत तिचा श्वास थांबला. हे सगळं मला दवाखान्याच्या कागदावरून कळलं. तू सांगावंस असा माझा हक्क नाही.

पण वस्तीवर काय बोललं जातंय तेही कानावर आलंय. बेळगावच्या बाया येऊन 'सगळं ठीक आहे' म्हणून गेल्या, म्हणून आपण घरीच बाळंतपण करायला बसलो, असं. सगुणा, तुझा कागद माझ्यासमोर आहे. १९ जानेवारी, सातवा महिना, ग्लुकोजचं पाणी पूर्ण घेतलं, दोन तासांनी साखर १३१. एकशेचाळीसच्या आत असली की ठीक. तुझी ठीक होती. रानातल्या वस्त्यांवरच्या गवळी बायकांना गरोदरपणी साखर होते का, हे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही बघत होतो. आम्ही कुणाचं वाईट करायला आलो नव्हतो.

काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. तब्येतीला जप. उत्तर लिहिलंस तर शामूकडं दे.

प्रणिता


वडगाव
२१ ऑगस्ट २०२३

सगुणा,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं वाटलंच होतं, तरी शामू दिसला की मी त्याच्या पिशवीकडं बघते. तो हसतो मेला.

इथं खाली घरमालक मारुतीरावांचे यंत्रमाग दिवसभर चालतात, त्यांची धडधड टेबलापर्यंत येते. अक्षर वाकडं आलं तर मागाला बोल लाव, मला नको.

आमचा अहवाल तयार होतोय. एकशेसाठ बायका तपासल्या, त्यातल्या फक्त चौघींना साखर निघाली. आमचे मोठे डॉक्टर, वृषभ सर, खूश आहेत. नाचणी, ताक, रोजचं चढउताराचं चालणं, यामुळं रानातल्या बायकांना हे दुखणं होतच नाही, असं ते लिहिणार आहेत. आणि मग पुढचं ओघानं आलंच. दुखणं नाही तर तपासणी कशाला? वस्त्यांवर कुणी वर चढून यायचं नाही.

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. माझ्या वडिलांना साखर आहे. निपाणीला दुकानात गादीवर बसून बसून ती आली असं आई म्हणते. साखर ही आमच्यासारख्यांची. चार मैल दुधाची किटली डोक्यावर घेऊन जाणारीला ती कशी होईल?

पण गेल्या आठवड्यात मी बाळांची वजनं लिहीत बसले होते. चार किलोच्या वर अकरा बाळं. अकरा, सगुणा. आया सगळ्या हडकुळ्या आणि साखर सगळ्यांची ठीक. आईच्या रक्तात साखर वाढलेली असली की पोटातलं बाळ असं वाढतं, हे तर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मग ही बाळं कुठून आली? मी त्या अकरा नावांकडं बघत बसले आणि त्यात तुझं नाव होतं.

तुला त्या दिवशीचं आठवतं का? तुला पाण्याचा पेला दिला आणि बायाक्कांनी तो तुझ्या हातातून घेतला आणि निम्मा स्वतः प्याल्या. बाहेरून आलेलं गोड पोटुशीनं एकटीनं घ्यायचं नाही, आधी घरातल्या थोरलीनं निम्मं घ्यायचं, म्हणजे काही बाधायचं असेल ते थोरलीला बाधेल, हा तुमच्याकडचा रिवाज. निम्मंच पोटात गेलं तर दोन तासांनी साखर कमीच दिसणार. तुझी १३१ ही निम्म्या पाण्याची होती. पूर्ण घेतलं असतंस तर खरा आकडा कळला असता, तुला आधीच दवाखान्यात ठेवलं असतं.

बायाक्कांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. पण त्यांनी तसं करायला नको होतं.

हे तुला सांगावं की नाही, यात माझे आठ दिवस गेले. तुला कळायला हवं असं वाटलं.

प्रणिता


वडगाव
१६ सप्टेंबर २०२३

सगुणा,

हे पत्र बायाक्कांना मोठ्यानं वाचून दाखव. आधी हे एवढं कर, मग पुढचं वाच.

काल त्या बेळगावला आल्या होत्या. एकट्या. त्या पावसात तुमच्या वस्तीवरून दोन तास चालत जांबोटी, तिथून बस, आणि विचारत विचारत आमचं ऑफिस. दारात उभ्या राहिल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. हातात केळीच्या पानात बांधलेलं लोणी. माझ्यासाठी. त्यांचा नातू का नात पोटात होती तेव्हा मी वस्तीवर राहिले की त्या माझ्यासाठी, या जैनाच्या पोरीसाठी, कांदा न घालता भाजी करायच्या आणि म्हणायच्या, "बाय, आदी तू जेव, तुमचं दिस बुडायच्या आत असतंय." मला माझ्या आईनं सुद्धा एवढं जपलेलं नाही.

ऑफिसात वृषभ सर होते, हिशेबनीस होता, दोन मुली होत्या. आणि भिंतीवर बायाक्कांचा फोटो होता. त्याचं पुढं सांगते. त्यांनी फोटो बघितला, ओळखला, आणि त्याच्याच खाली उभं राहून मला विचारलं, "बाय, सगुणानं तुजं कागद वाचलं. म्या ते पानी पिलं म्हनून गेलं व्हय गं आमचं लेकरू?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सर बघत होते. मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "तसं काही नसतं बायाक्का. पावसाचं कशाला आलात? जा आता, बस चुकेल." त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. म्हातारी माणसं तोंड वाचतात. लोणी टेबलावर ठेवलं आणि गेल्या. त्यांना जे कळायचं ते त्यांनी माझ्या तोंडावरून समजून घेतलं, आणि ते खोटं होतं.

खरं असं आहे. त्या दिवशी मी तुमच्यासमोर बसले होते, दोन हातांवर. बायाक्कांनी पेला घेतला तो मी बघितला. प्याल्या ते बघितलं. मला ते इतकं आवडलं की मी मोबाईल काढून फोटो घेतला. तोच भिंतीवर लागलाय. मी त्यांना थांबवलं नाही. पाणी औषधाचं आहे, सगुणानंच संपवायचं असतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बायाक्कांनी लगेच पेला परत केला असता. त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम माझं होतं, पगार त्याचाच होता.

आणि निम्मं सांडलं असं समजून मी तुला दुसऱ्या दिवशी परत पाणी देऊ शकले असते. पण पिशवीत ग्लुकोजची जादा पुडी नव्हती. त्या दिवशीच्या उरलेल्या सहा जणींच्या घरातही थोरल्या बसल्याच होत्या, त्यांच्याही पेल्यांचं तेच झालं. सगळं पहिल्यापासून करायचं तर आठवड्यानं परत चढून यायचं. जीप तीनला खाली उभी होती. महिनाअखेरीला एकशेसाठ पूर्ण करायच्या होत्या. आणि मनात तेच, या बाईला कुठली साखर. मी कागदावर 'पूर्ण घेतलं' लिहिलं. सातही कागदांवर. सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं.

पहिल्या पत्रात मी तुला तोच कागद दाखवून गप्प करायला निघाले होते. दुसऱ्यात बायाक्कांना पुढं केलं. मी स्वतःला फार खरं बोलणारी समजते. आमच्या घरात चातुर्मासात आई चुकून मुंगी पायाखाली आली तरी प्रायश्चित्त घेते, आणि मी एका म्हातारीवर लेकराचं मरण ढकललं ते पोस्टकार्ड टाकावं इतक्या सहज.

त्यांच्यामुळं नाही गेलं. त्यांनी तर बाधा स्वतःवर घ्यायला पेला घेतला होता. माझ्यामुळं गेलं. त्यांना हे सांग. आजच सांग. मी स्वतः आले असते, पण ओढ्याला पाणी आहे असं शामू म्हणतो. ओढ्याला पाणी नसतं तरी मी आले असते की नाही, देव जाणे.

प्रणिता


निपाणी
११ जानेवारी २०२४

सगुणा,

पत्ता बदललाय, बघितलास ना. मी आता घरी असते, हे पत्र टपालानं शामूकडं पाठवते आहे.

दिवाळीनंतर वृषभ सरांना सगळं सांगितलं. नोव्हेंबरपर्यंत का थांबले असं विचारू नकोस, मीही स्वतःला विचारत नाही. सर म्हणाले, "किती जणींचं?" मी म्हणाले, माझ्यासमोर सात, पण रिवाज सगळ्या वस्त्यांवर आहे, तेव्हा मोजदाद नाही. ते उठले आणि भिंतीवरचा फोटो काढून उलटा ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकशेसाठच्या एकशेसाठ कागद बाद झाले. अहवाल थांबला. मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले, ते योग्यच होतं. एक गोष्ट त्यांनी केली त्याबद्दल मी त्यांचे पाय धरीन. वस्त्यांवर तपासणी परत पहिल्यापासून होणार. फेब्रुवारीत रक्षा नावाची मुलगी वर येईल. पेला कुणाच्या हातात जातो ते ती बघेल, आणि घरातल्या थोरल्यांशी आधी बोलेल.

आता ज्यासाठी लिहिते ते. शामू फोनवर म्हणाला, तुला चौथा महिना आहे.

सगुणा, तू मला शिव्या दे, माझी पत्रं चुलीत घाल, पण तपासणी करून घे. सातव्या महिन्याची वाट बघू नकोस. पहिलं बाळ एवढं मोठं झालं होतं म्हणजे या खेपेलाही साखर असायचीच शक्यता फार, आणि आत्ता कळली तर खाण्यानं, गोळीनं, सुईनं ती आवरते. बाळ नीट होतं. वस्तीवर तुम्ही सगळ्यांनी तपासणीला नाही म्हणायचं ठरवलंय असं कळलं. ते माझ्यावरचा राग म्हणून ठरवलंय, आणि राग बरोबर आहे, पण त्याची किंमत तुझ्या पोटातल्याला पडेल. एकदा माझ्यामुळं पडली.

मी वर येणार नाही. रक्षा येईल. तिला माझ्याशी जोडू नकोस.

बायाक्का कशा आहेत ते कधी कळलंच नाही. शामूला विचारलं तर म्हणतो, "म्हातारी आता कुनाशी बोलत न्हाय." तू त्यांना माझं पत्र वाचून दाखवलं होतंस ना? त्या अजून माझ्यावर रागावल्या असतील तर तेच बरं. मला तेवढंच हवंय.

प्रणिता


गवळी वस्ती, जांबोटी
९ मार्च २०२४

प्रणिताआक्का,

तुमची चारही पत्रं मिळाली. मी पत्र लिहायचं विसरले आहे, चुकलं तर समजून घ्या.

तपासणी झाली. रक्षाबाई आल्या होत्या. साखर १८६ आली. आता मी दर आठवड्याला खाली जाते, गोळी चालू आहे. भात कमी केलाय, नाचणीची भाकरीही मोजून खाते. बाळ वजनात बरोबर आहे म्हणाल्या. शेवटच्या महिन्यात बेळगावला दवाखान्यातच राहायचं ठरलंय. माझं बघून वस्तीवरच्या आणखी पाच जणींनी तपासून घेतलं. दोघींना निघाली. हे तुम्हाला कळवायचं होतं.

दुसरं कळवायचं ते आता लिहिते.

सासूबाई माघात वारल्या. छातीत कफ झाला होता. बारा दिवस अंथरुणावर होत्या.

तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हा मी ते चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचलं. मालक जेवत होते, सासूबाई वाढत होत्या. मुद्दाम वाचलं. मला वाटत होतं, घरात सगळे मलाच बघतात, हिचंच अंग बारीक, हिलाच लेकरू काढता आलं नाही. मला दुसरं कोणीतरी हवं होतं. मालक ताटावरून उठले. त्या दिवसापासून त्यांनी आईशी बोलणं टाकलं.

बेळगावहून आल्यावर सासूबाईंनी माझ्या भांड्याला हात लावणं सोडलं. आपली भाकरी आपण थापायच्या आणि गोठ्यात जाऊन खायच्या. मला दिवस गेल्याचं कळलं तसं त्यांनी अंथरूणही गोठ्यात नेलं. मी म्हटलं, थंडी आहे, आत या. म्हणाल्या, "नगं गं बाय. माजी सावली नगं तुज्यावर." मालकांनी ऐकलं आणि ते दुधाची किटली उचलून बाहेर पडले.

तुमचं तिसरं पत्र तेव्हा माझ्याकडं होतं. आधीच आलं होतं. मी ते एकटीनं वाचलं आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं. सासूबाई दोनतीनदा विचारायच्या, "काय लिवलंय गं त्या निपाणीच्या पोरीनं?" मी सांगायची, "ख्यालीखुशाली." तुमचा राग करायचा तर तुम्ही लांब. त्यांचा रोज समोर करता येत होता. बाळ नीट झालं की वाचून दाखवू असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं आक्का. त्या तोवर राहतील असं धरून चालले होते.

ताप चढला तेव्हा मी पत्र काढून आणलं. त्या म्हशीला हाका मारत होत्या. मी तरी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी ऐकलं असं मला म्हणता येत नाही.

मालकांना यातलं काही माहीत नाही. आईनं लेकरू खाल्लं असंच ते अजून धरून आहेत. दहाव्याला सुद्धा डोळ्यांतून पाणी काढलं नाही. आता त्यांना सांगायला पाहिजे की त्यांच्या आईचं काही चुकलं नव्हतं, आणि ते मला सहा महिने माहीत होतं. मी रोज सांगायला बसते आणि दुसरंच काहीतरी बोलते. दुधाचं बोलते. सांगितल्यावर ते मला घरात ठेवतील का माहीत नाही. आणि नाही सांगितलं तर हे लेकरू या घरात कसं वाढवू, तेही कळत नाही.

तुम्ही तुमच्या सरांना सांगितलंत. दार लावलं होतंत का? तुम्ही उभ्या होता की बसला होता? सगळ्यात आधी कुठलं वाक्य बोललात ते मला लिहून पाठवा. लवकर पाठवा, शामू सोमवारी टपाल घेऊन येतो.

सगुणा